मनातले मत आणि पेटीतले मत



आमच्या गावी एक वयोवृद्ध शेतकरी आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण सकाळच्या बातम्या कधी चुकवणार नाहीत आणि ऐकलेली गोष्ट विसरणार नाहीत. मागे सुटीत गेलो, तेव्हा पारावर बसल्या बसल्या त्यांनी मला अडवले. म्हणाले, "मास्तर, एवढा एक उलगडा करा. विलायतेत मागं लोकांना विचारलं, युरोपच्या संघात राहायचं का बाहेर पडायचं. तेव्हा शंभरातली अठ्ठेचाळीस माणसं राहायचं म्हणाली ना? मग राहायचं, राहायचं म्हणून सांगत फिरणारे जे पक्ष होते, ते निवडणुकीत पार झोपले कसे? अठ्ठेचाळीस माणसं गेली कुठं?"

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. पारावर मी जे काही सांगितले त्याने आबांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसले. घरी आल्यावर आकडे काढून बसलो. आज जे सांगणार आहे ते आबांना उद्देशूनच सांगतो आहे असे समजा. शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारे जे गुरुजी आणि बाई हे ऐकत असतील, त्यांनाही वर्गात त्याचा उपयोग व्हावा.

आधी घडले काय ते पाहू. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघातून बाहेर पडावे म्हणणारे १ कोटी ७४ लाखांवर निघाले, राहावे म्हणणारे १ कोटी ६१ लाखांवर. म्हणजे शेकडा ५१.९ विरुद्ध ४८.१. त्यानंतर वर्षभरात, ८ जून २०१७ ला, पार्लमेंटची निवडणूक आली. हुजूर आणि मजूर या दोन्ही मोठ्या पक्षांनी सांगितले, लोकांचा कौल आम्हाला मान्य आहे. लिबरल डेमोक्रॅट हा तिसरा पक्ष मात्र म्हणाला की, बाहेर पडण्याचा करार ठरला की तो आम्ही पुन्हा लोकांपुढे ठेवू, आणि त्या वेळी संघात राहण्याचीही मुभा ठेवू. आता तुम्हीआम्ही काय म्हणू? अठ्ठेचाळीस टक्के लोक याच पक्षाची वाट पाहत असणार. प्रत्यक्षात त्याला शेकडा ७.४ मते मिळाली आणि ६५० पैकी १२ जागा. सार्वमताच्या आधी, २०१५ साली, त्याची मते शेकडा ७.९ होती. म्हणजे वाढायची ती उलट घटली!

माझ्या मते या कोड्याची किल्ली आपल्या मराठी भाषेतच आहे. आपल्याकडे 'मत' हा शब्द एकच, अर्थ दोन. "माझं मत असं आहे" म्हणतो तेव्हा ते मनातले मत. "मी मत देऊन आलो" म्हणतो तेव्हा ते पेटीतले मत. हल्ली पेटीच्या जागी यंत्र आले, पण शब्द राहिला. शब्द एक असल्यामुळे आपण सहज धरून चालतो की मनात जे असते तेच पेटीत पडते. तसे नसते. मनात दहा मते असतात. पेटीत टाकायला हातात एकच असते.

आपल्याच गावांतले उदाहरण घ्या. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी 'बाटली आडवी' करणारे मतदान केले आहे. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी; विचारलेला प्रश्न एकच. पण तीच बाई पुढे ग्रामपंचायतीच्या मतदानाला जाते तेव्हा तिच्यापुढे नळाचे पाणी असते, वस्तीपर्यंतचा रस्ता असतो, घरकुलाच्या यादीतले नाव असते, नात्यातला उमेदवार असतो. "आम्ही फक्त दारूबंदी करू" एवढेच सांगणाऱ्याला ती मत देईलच असे नाही. ती दारूच्या बाजूला गेली का? मुळीच नाही. तिला त्या दिवशी विचारलेला प्रश्न वेगळा होता.

डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स या दोन अभ्यासकांनी १९६९ साली ब्रिटनच्या मतदाराविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादा प्रश्न निवडणुकीचे पारडे केव्हा झुकवतो, याचा त्यांनी बारकाईने विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: त्या प्रश्नावर लोकांचे मत खरोखरीचे आणि तीव्र असले पाहिजे, वरवरचे नको. दुसरे, ते मत बऱ्याच अंशी एका बाजूला कललेले हवे, कारण निम्मे इकडे निम्मे तिकडे असले तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. आणि तिसरे, कोणता पक्ष कोणत्या बाजूचा, हे लोकांना स्वच्छ दिसले पाहिजे. ही तीन मापे घेऊन २०१७ साली पाहा. मत तीव्र होते, यात शंका नाही. घराघरांत वाद झाले. पण ते एका बाजूला कललेले नव्हते. आणि दोन मोठे पक्ष एकच भाषा बोलत होते. तिसरा वेगळे बोलत होता खरा, पण त्याच्या हाती सत्ता येण्याचा संभव कोणालाच दिसत नव्हता. मग राहण्याच्या बाजूच्या पुष्कळ मतदारांनी मनाशी हिशेब केला की, निदान हुजूर पक्षाला तरी आवरू. आणि त्यांनी मजूर पक्षाला मत दिले.

शिवाय तिसऱ्या पक्षाच्या माथी एक जुने देणे होते. २०१० च्या निवडणुकीत त्याच्या उमेदवारांनी लेखी वचन दिले होते की विद्यापीठाची फी वाढू देणार नाही. त्याच वर्षी ते हुजूर पक्षाबरोबर सरकारात गेले आणि डिसेंबरात फीची मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ तिप्पट, नेणारा ठराव मंजूर झाला. त्या पक्षाच्या सभासदांत फूट पडली; काहींनी विरोधात मत दिले, पण मंत्र्यांनी बाजूने दिले. २०१० साली ५७ जागा होत्या, २०१५ साली ८ उरल्या. युरोपविषयी तुम्ही कितीही बरोबर बोला हो, मागची उधारी चुकवली नाही तर दुकानदार नवा माल देत नाही.

आता २०१९ च्या वसंतात या. हे वर्ष मोठे गमतीचे आहे. संघातून बाहेर पडण्याचा दिवस २९ मार्च ठरला होता, तो टळला. त्यामुळे ज्या युरोपीय पार्लमेंटमधून निघून जायचे, तिच्याच निवडणुकीत २३ मे रोजी ब्रिटनला भाग घ्यावा लागला. या निवडणुकीतून लंडनमध्ये सरकार बनणार नव्हते, इस्पितळांचे काही ठरणार नव्हते, करही ठरणार नव्हते. मतदाराच्या दृष्टीने ती जवळजवळ बाटलीची चिठ्ठीच होती. आणि लोकांनी तसेच मत दिले! बाहेर पडण्यासाठीच स्थापन झालेला ब्रेक्झिट पक्ष शेकडा ३०.५ मते घेऊन पहिला आला. तोच आपला पडेल लिबरल डेमोक्रॅट पक्ष १९.६ मते घेऊन दुसरा! मजूर पक्ष १३.६ वर, हरित पक्ष ११.८ वर, आणि राज्य करणारा हुजूर पक्ष ८.८ मतांसह पाचवा. दोन वर्षांत माणसे बदलली नव्हती. चिठ्ठीवरचा प्रश्न बदलला होता.

पण याच निवडणुकीत आणखी एक पक्ष होता, आणि त्याची कथा मला सर्वांत बोधप्रद वाटते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या सात खासदारांनी पक्ष सोडला. दोनतीन दिवसांत आणखी एक आला, आणि हुजूर पक्षातून तिघे आले. असे अकराजण झाले. त्यांतले बहुतेक चांगले वक्ते, अनुभवी, आणि युरोपच्या प्रश्नावर स्वच्छ भूमिका असलेले. वर्तमानपत्रांत फोटो झळकले. त्यांनी 'चेंज यूके' नावाचा पक्ष नोंदवला. मे महिन्यात त्याला मते पडली शेकडा ३.३, आणि जागा एकही नाही. जूनमध्ये अकरांपैकी सहाजण निघून गेले. दहा महिन्यांत पक्षाची नावेच तीन झाली. डिसेंबरात तिघे उभे राहिले, तिघेही पडले, आणि पक्ष विसर्जित झाला.

असे का व्हावे? प्रश्न तोच, बाजू तीच. मग लिबरल डेमोक्रॅटांना १९ आणि यांना ३ का? कारण त्या जुन्या पक्षाची मुळे खाली होती. मे महिन्याच्या आरंभीच इंग्लंडात स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या होत्या, त्यांत त्या पक्षाने सुमारे सातशे जागा जास्त मिळवल्या. खड्डे बुजवणारा, पत्रके वाटणारा, दार वाजवणारा कार्यकर्ता त्याच्याजवळ होता. चेंज यूकेजवळ व्यासपीठ होते, अंगण नव्हते. मतदारालाही उपजत कळते. एकाच बाजूचे दोन असले तर तो ज्याची वट जास्त त्याच्याकडे वळतो, दुसऱ्याला मत देऊन वाया का घालवा असे म्हणतो.

हे काही पहिल्यांदा घडले नाही. १९९९ साली हुजूर पक्षातूनच फुटून जॉन स्टीव्हन्स आणि ब्रेंडन डोनेली या युरोपीय पार्लमेंटच्या दोन सदस्यांनी युरो चलनाच्या बाजूने एक छोटा पक्ष काढला होता. त्या जूनच्या युरोपीय निवडणुकीत त्याला शेकडा दीडपेक्षाही कमी मते पडली. थोड्याच काळात तोही मिटला.

आता आकडे जरा बाजूला ठेवू आणि एका मतदाराच्या घरात जाऊ. १२ डिसेंबर २०१९. पुन्हा पार्लमेंटची निवडणूक. लंडनमधला केन्सिंग्टन मतदारसंघ. समजा तुम्ही तिथले मतदार आहात. सार्वमतात तुम्ही राहण्याच्या बाजूने मत दिले. तिथले बहुसंख्य लोक त्याच बाजूचे. तुमच्यापुढे तिघे आहेत. हुजूर पक्षाची उमेदवार बाहेर पडण्याच्या बाजूची. मजूर पक्षाची उमेदवार. तिचा पक्ष म्हणतो, नवा करार करू आणि पुन्हा सार्वमत घेऊ. तिसरा लिबरल डेमोक्रॅट. त्याचा पक्ष म्हणतो, आम्ही बहुमताने आलो तर सार्वमताचीही गरज नाही, बाहेर पडणेच रद्द करू. तुमच्या मनातल्या मताशी सर्वांत जवळचा तिसराच. काय कराल?

निकाल ऐका. हुजूर १६,७६८. मजूर १६,६१८. लिबरल डेमोक्रॅट ९,३१२. दीडशे मतांनी हुजूर पक्षाची उमेदवार निवडून आली, शेकडा चाळीसहून कमी मते घेऊन. ज्या ९,३१२ जणांनी प्रामाणिकपणे मनातले मत पेटीत टाकले, त्यांच्या मतदारसंघातून नेमका उलट्या बाजूचा प्रतिनिधी गेला. आता, ते सगळे मजूर पक्षाकडे गेले असते असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या कित्येकांना मजूर पक्षाचे पुढारीच नको होते. ते नसते आले. पण दीडशे म्हणजे किती हो? आपल्याकडच्या एका वस्तीएवढे.

हे समजत नव्हते अशातला भाग नाही. लिबरल डेमोक्रॅट, हरित आणि वेल्समधला प्लाइड कम्री या तीन पक्षांनी साठ मतदारसंघांत समझोता केला होता की एकाने उभे राहायचे, बाकीच्यांनी बाजूला व्हायचे. साठांपैकी नऊ आल्या. मजूर पक्ष त्यात नव्हता, आणि तो नसताना समझोता म्हणजे एका बैलाची गाडी. तिकडे ब्रेक्झिट पक्षाने काय केले पाहा. हुजूर पक्षाने २०१७ साली जिंकलेल्या ३१७ जागांवर आपण उमेदवारच उभे करणार नाही असे त्याने नोव्हेंबरात जाहीर केले. एक बाजू एकवटली, दुसरी पांगली. लिबरल डेमोक्रॅटांची मते देशभर ७.४ वरून साडेअकरांच्या घरात गेली, आणि जागा बारांच्या अकरा झाल्या. पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतः स्कॉटलंडमध्ये १४९ मतांनी पडल्या. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडले.

आबांची अठ्ठेचाळीस माणसे अशी वाटली गेली, कोणी मजूर पक्षाकडे, कोणी हरितांकडे, कोणी स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाकडे, कोणी सवयीने हुजूर पक्षाकडेच.

इथे एक शंका येईल. बाहेर पडा म्हणणारा पक्षही एकाच प्रश्नाचा होता, मग त्याचे कसे फावले? जागांच्या बाबतीत फावले नाहीच. युकिप या पक्षाला २०१५ साली ३८ लाखांवर मते पडून जागा एकच मिळाली. पण त्याच्या धास्तीने मोठा पक्ष हलला. पंतप्रधान कॅमेरून यांनी २०१३ च्या जानेवारीत सार्वमताचे आश्वासन दिले त्यात ही धास्ती होतीच. आणि २०१६ पूर्वी संघात राहणे ही चालत आलेली स्थिती होती. चालत आलेल्या गोष्टीसाठी पक्ष काढून धावणारा माणूस विरळा. विहिरीला पाणी आहे तोवर विहिरीची सभा भरत नाही.

आता गंमत पुढेच आहे. ४ जुलै २०२४ ला पुन्हा निवडणूक झाली. बाहेर पडण्याचा निर्णय चुकला म्हणणारे लोक आता जनमत-चाचण्यांत बरोबर म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त दिसत होते. आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाने युरोपचा झेंडा जवळजवळ गुंडाळून ठेवला होता! नेते एड डेव्ही बोलत होते इस्पितळांवर, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शुश्रूषेवर, आणि नद्यांत सोडल्या जाणाऱ्या मैल्यावर. विंडरमिअर सरोवरात फळीवरून पाण्यात पडताना त्यांचे फोटो निघाले, लोक हसले. मते मिळाली शेकडा १२.२, म्हणजे पूर्वीपेक्षा थोडीशीच जास्त. आणि जागा? अकराच्या बहात्तर! मते कुठे मिळवायची हे त्यांनी ठरवून घेतले होते. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूकेला, म्हणजे पूर्वीच्या ब्रेक्झिट पक्षाला, शेकडा १४.३ मते पडून जागा पाचच मिळाल्या, कारण ती मते देशभर विखुरलेली होती.

तरी युरोपचा प्रश्न तिथे काहीच नव्हता असे म्हणणे चूक ठरेल. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ज्या सुखवस्तू गावांनी त्यांना निवडून दिले, त्यांतली बरीचशी पिढ्यान् पिढ्या हुजूर पक्षाची. सार्वमताने तिथल्या पुष्कळ लोकांचे मन त्या पक्षावरून उडाले होते. तो प्रश्न न बोलता काम करून गेला. आणि जो पक्ष फक्त तोच प्रश्न मोठ्याने बोलत होता, परत संघात जाऊ म्हणणारा 'रिजॉइन ईयू', त्याला २०२१ साली लंडनच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शंभरात सुमारे एक मत पडले. तेही लंडनसारख्या युरोपवाद्यांच्या शहरात.

पद्धतीचाही मोठा हात असतो, तो सांगायचा राहिला. धान्य तेच, पण चाळण कोणती यावर खाली काय पडते ते ठरते. 'व्होल्ट' नावाचा एक तरुणांचा पक्ष अनेक युरोपीय देशांत एकाच नावाने लढतो. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत त्याला जर्मनीत शेकडा ०.७ मते पडली आणि तेवढ्यावर एक जागा मिळाली, कारण त्या निवडणुकीसाठी तिथे किमान मतांची अट नाही. त्याच वर्षी इटलीत 'प्यू एउरोपा' या युरोपवादी पक्षाला ३.१ मते पडूनही काहीच मिळाले नाही. तिथे चार टक्क्यांची अट होती. २०२४ साली व्होल्टच्या जागा पाच झाल्या, तीन जर्मनीतून, दोन हॉलंडमधून. पण जर्मनीच्या स्वतःच्या लोकसभेत, जिथे पाच टक्क्यांची अट आहे, तिथे त्याला अजून दार उघडलेले नाही.

आबा म्हणतील, हे सगळं परदेशातलं झालं. म्हणून जवळचे एक सांगतो. गोव्यात १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कोणीही म्हणेल, गोव्याने विलीनीकरणाला मत दिले. पण १६ जानेवारी १९६७ ला तोच एक प्रश्न वेगळा काढून जनमत कौल घेतला, तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. पक्ष हरला म्हणावे, तर दोनच महिन्यांनी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! बहुजन समाजाला तो पक्ष आपला वाटत होता; कुळांची जमीन, गावची शाळा या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या होत्या. विलीनीकरणाचा निकाल लागला म्हणून त्या गोष्टी संपल्या नाहीत. ब्रिटनमधले चेंज यूके आणि हा पक्ष यांत फरक आहे तो इथे.

गुरुजींना एक सुचवतो. आठवी-नववीच्या वर्गात हा धडा येईल तेव्हा आधी मुलांकडून गुप्त चिठ्ठीने एका प्रश्नाचे उत्तर घ्या, सहल गडावर न्यायची की समुद्रावर. दुसऱ्या दिवशी वर्गप्रतिनिधीची निवडणूक घ्या, आणि एका उमेदवाराला फक्त "सहल समुद्रावर" एवढेच बोलायला सांगा. दुसऱ्यांना खेळ, पाण्याची टाकी, बाकांच्या रांगा असे काहीही बोलू द्या. दोन्ही दिवसांच्या चिठ्ठ्या मोजून फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग त्यांच्याखाली केन्सिंग्टनचे तीन आकडे लिहा, १६,७६८, १६,६१८ आणि ९,३१२, आणि त्या ९,३१२ पैकी एक मतदार तू असतास तर काय केलं असतंस, हे प्रत्येक मुलाला वहीत लिहायला सांगा. आबांना मी हेच विचारणार आहे. ते काय म्हणतील याचा मला अंदाज नाही.